चार्ली नव्हे, दुसराच कुणीतरी

"ना आवाज, ना नावं, शंभर वर्षांपूर्वीचे धूसर चेहरे. या मूकपटांतले नट तुम्ही ओळखता तरी कसं?" घरी येणारा पाहुणा चहा संपायच्या आत हे विचारतोच. मागे भाचीच्या साखरपुड्यात विहीणबाईंनीही विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहून टाकते. खरं सांगायचं तर चेहरा मी सगळ्यात शेवटी बघते.

या नादाची सुरुवात पुण्याच्या जुन्या बाजारात झाली. एका रविवारी कुलपं आणि पितळी नळांच्या ढिगात सोळा मिलिमीटरचं एक रीळ दिसलं. डबा नव्हता, वर चिंधी गुंडाळलेली. विक्रेता म्हणाला, "मॅडम, चार्ली आहे, घेऊन टाका." घरी आणून ट्यूबलाइटसमोर धरलं तर खरंच बोलर टोपी, काठी, टूथब्रश मिशी! सुरुवातीचा भाग फाटून गेलेला, म्हणजे चित्रपटाचं नाव गायब. हे जवळजवळ नेहमीचंच. रिळाचं डोकं आधी झिजतं आणि नाव नेमकं तिथेच असतं.

भिंग घेऊन आधी कड तपासली. कोडॅक कंपनी कच्च्या फिल्मच्या कडेला वर्षाची खूण छापायची. १९१७ला चौकोन, १९१८ला त्रिकोण, आणि वीस वर्षांनी तीच चिन्हं पुन्हा. माझ्या रिळावर चौकोन होता. पण सोळा मिलिमीटर फिल्म आली १९२३मध्ये, म्हणजे १९१७ बाद. ही प्रत १९३७ची, १९५७ची किंवा १९७७ची. ही खूण प्रत कधी काढली ते सांगते, चित्रीकरण कधी झालं ते नाही. नवशिके इथेच फसतात. मीही फसले होते.

मग माणसं. दारूच्या गुत्त्यातलं दृश्य होतं. मिशीवाल्याच्या मागे टोकदार दाढीचा एक शिष्ट गृहस्थ नाक उडवत बसलेला. हा लिओ व्हाइट. १९१५ साली एसाने या चित्रपट कंपनीत चॅप्लिनबरोबर त्याने बरीच कामं केली, तेव्हा मला वाटलं झालं, चार्लीच. इतक्यात दारातून एक आडदांड माणूस आत आला. रंगवलेल्या जाड भुवया, चेहऱ्यावर राग, आणि त्या अवाढव्य देहाला अजिबात न शोभणारे नाजूक हात. ग्लास उचलताना बोटं अशी सुटी सुटी, जणू फुलं वेचतोय. त्या हातांवरून मी त्याला झोपेतही ओळखेन. तो ऑलिव्हर हार्डी. लॉरेल आणि हार्डीतला, पण लॉरेल भेटायच्या आधीचा, श्रेयनामावलीत 'बेब हार्डी' म्हणून येणारा.

आणि हार्डीने चॅप्लिनच्या चित्रपटात कधीच काम केलं नाही.

मग मिशीवाला कोण? बिली वेस्ट. चॅप्लिनची नक्कल करून पोट भरणारे त्या काळात बरेच होते, त्यातला हा सगळ्यात तयारीचा. १९१७-१८मध्ये किंग बी कंपनीने त्याला घेऊन एकामागून एक दोन रिळी विनोदी चित्रपट काढले. चॅप्लिनकडे एरिक कॅम्पबेल नावाचा धिप्पाड खलनायक होता, म्हणून यांनी हार्डीला तसाच रंगवून उभा केला. लिओ व्हाइटलाही घेतलं. नक्कल करायची तर सगळ्या बिऱ्हाडासकट! पुढे कितीतरी प्रती 'चॅप्लिन' या नावावरच विकल्या गेल्या. जुन्या बाजारातल्या आमच्या भाऊंना काय दोष देणार?

शेजारच्या काकूंना हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मिशी तीच आहे ना? मग झालं तर."

नावांचा गोंधळ त्याहून मोठा. हे मूकपट देशोदेशी जायचे. दृश्यांमधल्या संवादांच्या पाट्या कापून स्थानिक भाषेत नव्या घालायचे आणि नटाचंही बारसं करायचे. चॅप्लिन फ्रान्समध्ये 'शार्लो'. लॅरी सेमन हा अमेरिकन विनोदी नट तिथे 'झिगोतो', तर इटलीत 'रिदोलिनी'. आंद्रे दीद हा फ्रेंच नट इटलीत 'क्रेतिनेत्ती' आणि फ्रान्समध्ये 'ब्वारो'. एखाद्या संग्रहालयाच्या यादीत इटालियन नावाने पडलेला चित्रपट अमेरिकेत हरवलेला म्हणून नोंदलेला असू शकतो. आर्बकल आणि बस्टर कीटन या विनोदी नटांचा १९१८चा 'द कुक' असाच हरवला होता. १९९८मध्ये तो नॉर्वेच्या फिल्म संस्थेत सापडला. डबे होते, वर नाव नव्हतं.

चॅप्लिनचीच गंमत ऐका. कीस्टोन या चित्रपट कंपनीत असताना आपण पोलीसही झालो होतो, असं त्याने सांगितलं होतं, पण कुणाला तो चित्रपट माहीत नव्हता. पॉल गिरुकी या संग्राहकाने अमेरिकेत मिशिगनमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत एक रीळ घेतलं. कीस्टोनचा कुठलातरी विनोदी चित्रपट असेल म्हणून ते तसंच पडून राहिलं. २०१०मध्ये बघायला घेतलं तर 'अ थीफ कॅचर', १९१४चा, आणि त्यात काही मिनिटांपुरता पोलिसाच्या गणवेशात चॅप्लिन! बोलर टोपी नाही, काठी नाही. त्याच वर्षीचा 'हर फ्रेंड द बँडिट' मात्र अजून हरवलेलाच आहे.

अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळात जवळपास ११ हजार मोठे मूकपट निघाले आणि त्यातले सुमारे ७० टक्के पूर्ण नष्ट झाले, असं लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने २०१३मध्ये मोजून सांगितलं. छोट्या विनोदी चित्रपटांचा हा हिशेबसुद्धा नाही. त्या काळची चटकन पेट घेणारी नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीही जळते. वाचली तर तिची भुकटी होते. आणि बोलपट आल्यावर जुन्या रिळांची किंमत काय, तर त्यातून निघणाऱ्या चांदीएवढी.

याच लायब्ररीच्या व्हर्जिनियातल्या कल्पेपर इथल्या केंद्रात २०१२पासून एक भन्नाट प्रकार सुरू झाला. अनोळखी रिळं पडद्यावर लावायची आणि प्रेक्षकांनी ओरडून सांगायचं. गाडीची नंबर प्लेट, दुकानाची पाटी, मागचा रस्ता, कुणाचे कान, जे दिसेल ते. हॉलिवूडमध्ये काहुएंगा रस्त्याजवळ एक बोळ आहे. चॅप्लिनचा 'द किड', कीटनचा 'कॉप्स' आणि हॅरॉल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट' या तिन्हींमध्ये तो दिसतो. अशा भिंती पाठ असतील तर नट नाही तरी गाव कळतं. आमच्याकडे थिएटरात कुणी असं ओरडलं तर पुढच्या रांगेतून काय ऐकू येईल, ते सांगायला नको.

आपल्याकडेही हा पेच आहेच. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं उरली आहेत, ती १९१३ची की त्यांनीच १९१७मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासक भांडतात. फाळक्यांनी 'पिठाचे पंजे' नावाचा एक छोटा विनोदी चित्रपटही केला होता. तो कधी कुठल्या ढिगात दिसला तर चेहऱ्यावरून ओळखणार कोण? मी आपली कड तपासेन.

नोकरीतली बावीस वर्षं मी एक्स-रे विभागात काढली, तेव्हा चेहऱ्याशिवाय माणूस बघायची सवय आहेच.

माझ्या रिळाचं नाव अजून लागलेलं नाही. गुत्ता आहे, हार्डी आहे, एक फुटणारा आरसा आहे. किंग बीच्या चित्रपटांची यादी घेऊन एकेक कथा लावून बघते आहे, पाच बाद झाल्या. मध्यंतरी जुन्या बाजारातून फोन आला. "मॅडम, परत चार्ली आलाय, दोन रिळं आहेत." रिक्षा करून गेले. पहिलं उलगडलं तर कुटुंब नियोजनाचा माहितीपट निघाला. दुसऱ्यात भातलावणी. भाऊ म्हणाले, "टोपीवाला आहे की त्यात." बघते तर खरंच एक टोपीवाला होता, शेतकी अधिकारी. दोन्ही रिळं घेतली. कडेला त्रिकोण आहे.