आमची वाटचाल: एका राजपुत्राचे करार वाचताना

लघुउद्योजकांना भागभांडवल उभारणीचा सल्ला देणं हे आमच्या छोट्या पेढीचं काम. त्यासाठी आम्ही पहिल्यापासून मोठ्या गुंतवणूकदारांचे व्यवहार वाचत आलो. सर्वांत जास्त वेळ दिला तो सौदीचे राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांना. तेलाच्या पैशात लोळणारा राजपुत्र म्हणून त्यांच्याकडे बघितलं तर शिकण्यासारखं फारसं काही सापडत नाही. त्यांनी पैसा कोणत्या अटींवर घातला, हे बघितलं तर पुष्कळ सापडतं.

जन्म १९५५. राजे अब्दुल अझीझ यांचे नातू. आईचे वडील रियाद अल-सोल्ह हे स्वतंत्र लेबनॉनचे पहिले पंतप्रधान. वडील तलाल यांनी राजघराण्यात असूनही राज्यघटनेची मागणी लावून धरली आणि दरबाराची मर्जी गमावली. अल-वलीद १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो कॉलेजातून पदवी घेऊन परतले आणि १९८० मध्ये रियाधला ‘किंग्डम’ ही आपली कंपनी सुरू केली. आधी बांधकामाची कंत्राटं आणि जमिनी, मग युनायटेड सौदी कमर्शियल बँक. ही तोट्यातली बँक त्यांनी सावरली, आणि विलीनीकरणं होत होत ती १९९९ मध्ये ‘साम्बा’ या सौदी बँकेत गेली.

आमच्या दृष्टीने खरा धडा अमेरिकेतल्या सिटीकॉर्पचा. १९९१ मध्ये ही बँक जमीनजुमल्याच्या बुडीत कर्जांनी वाकली होती आणि तिला भांडवल तातडीने हवं होतं. अल-वलीद यांनी ५९ कोटी डॉलर घातले, पण साधे शेअर घेतले नाहीत. त्यांनी घेतले ११ टक्के लाभांशाचे, १६ डॉलरला साध्या शेअरमध्ये बदलता येणारे प्रेफरन्स शेअर, म्हणजे ज्यांना साध्या भागधारकांच्या आधी ठरलेला लाभांश मिळतो असे. भाव पडून राहिला तरी वर्षाला साधारण साडेसहा कोटी डॉलर मिळण्याची सोय, आणि भाव चढला तर वाढीत पूर्ण वाटा. अडलेल्या कंपनीकडून अशी अट मान्य करून घेता येते, सुस्थितीतल्या कंपनीकडून नाही.

हाच साचा आपल्याकडे वापरायचा तर कंपनी कायदा, २०१३ समोर हवा. प्रेफरन्स शेअर साधारणपणे २० वर्षांच्या आत परत करावे लागतात (कलम ५५). परतफेड नफ्यातून किंवा त्यासाठीच काढलेल्या नव्या शेअरच्या पैशातून, आणि नफ्यातून केली तर तेवढी रक्कम वेगळ्या राखीव निधीत. दोन वर्षं लाभांश थकला तर या भागधारकांना सगळ्या ठरावांवर मताचा हक्क मिळतो (कलम ४७). खासगी कंपनीला नियमावलीत (आर्टिकल्स ऑफ असोसिएशन) तरतूद करून मताच्या या नियमातून सूट घेता येते. म्हणून पैसे घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही नियमावली आधी वाचावी, मग आकड्यांवर बोलावं. थकलेला लाभांश पुढे साठत जाणार की बुडणार, हेही करारात स्पष्ट लिहावं. भांडणं बहुतेक तिथेच होतात.

प्रेफरन्स म्हणजे अभेद्य कवच मात्र नव्हे. जानेवारी २००८ मध्ये सिटीने (सिटीकॉर्पचाच पुढचा अवतार) पुन्हा असेच शेअर काढले, त्यातही अल-वलीद होते. फेब्रुवारी २००९ मध्ये बँकेने प्रेफरन्सचाही लाभांश थांबवला आणि हे शेअर ३.२५ डॉलर दराने साध्या शेअरमध्ये बदलण्याची योजना आणली. अल-वलीद यांनी ती स्वीकारली. लाभांश नफ्यातूनच येतो. नफा आटला की हक्क कागदावर उरतो.

पॅरिसजवळचं डिस्ने उद्यान चालवणाऱ्या युरो डिस्नेत त्यांनी १९९४ मध्ये सुमारे २४ टक्के हिस्सा घेतला, पण कंपनी कर्जात रुतलेलीच राहिली. नव्या भागविक्रीनंतर तो १० टक्क्यांवर आला. २०१७ मध्ये त्यातला बहुतेक डिस्नेलाच विकला.

फोर सीझन्सचा हिशेब याउलट. ही कंपनी मुख्यतः हॉटेलं चालवते. इमारतींमध्ये पैसा दुसऱ्यांचा अडकतो, वरळीच्या हॉटेलातही तसंच आहे. अल-वलीद यांचा १९९४ पासूनचा हिस्सा २००७ मध्ये ४७.५ टक्क्यांवर गेला, बिल गेट्स यांच्या कॅस्केड या गुंतवणूक कंपनीइतकाच. त्यातला निम्मा, २३.७५ टक्के, कॅस्केडने २०२१ मध्ये २.२१ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला. खाद्यपदार्थ आणि निवासव्यवस्थेच्या धंद्यातल्या आमच्या ग्राहकांसाठी नव्या शाखेचे करार आम्ही याच धर्तीवर बांधतो: जागा आणि यंत्रसामग्री भागीदाराची, नाव, प्रशिक्षण आणि देखरेख यांचं शुल्क विक्रीच्या टक्क्यांत, आणि दर्जा घसरला तर नाव काढून घेण्याचा लेखी हक्क.