नवी ई तार, आवाज बद्द

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या प्रिसिजन (बासचं एक प्रसिद्ध मॉडेल) धाटणीच्या बास गिटारला तारांचा नवा संच चढवला. निकेल राउंडवाउंड (गाभ्यावर गोल तार गुंडाळलेल्या), जाडी 45 ते 105, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. ए, डी, जी तिन्ही खणखणीत, सर्वांत जाड ई मात्र पहिल्या दिवसापासून बद्द. सूर बरोबर लागतो, पण झणक नाही. जाड दोरी छेडल्यासारखं वाटतं. ईचा मूळ सूर जेमतेम 41.2 हर्ट्झचा. लहान स्पीकरमधून तो फारसा येतच नाही, आपल्या कानाला ई कळते ती 82, 124, 165 अशा वरच्या स्वयंभू स्वरांमुळे. तेच मेले की तार असून नसल्यासारखी.

आधी अ‍ॅम्प बंद केला. बॉडीचं वरचं शिंग हनुवटीला टेकवलं आणि तार छेडली. हाडातूनही तसाच मेलेला आवाज. म्हणजे टोनचा नॉब, केबल, अ‍ॅम्प, सगळे सुटले. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजलं: मोकळी ए 14 सेकंद ऐकू येते, ई 6. नुसती मोकळी ई बद्द असती तर नटच्या (खुंट्यांकडच्या पट्टीच्या) खाचेवर संशय घेतला असता, पण तिसऱ्या, सातव्या, बाराव्या फ्रेटवरही तीच तऱ्हा.

बँडमधल्या मित्राने तार पाण्यात उकळायला सांगितलं. जुन्या तारांना तो उपाय खरंच लागू पडतो, कारण गुंडाळीच्या फटींत बसलेला घाम आणि मळ सुटतो. पण तीन आठवड्यांच्या तारेत मळ कुठून असणार?

शेवटी रविवारी ती उतरवली आणि खणातली जुनी ई लावून पाहिली. दीड वर्ष वाजवलेली तार नवीपेक्षा उजळ बोलली! बास निर्दोष, दोष तारेतच. आणि तेव्हा आठवलं: नवी तार खुंटीवरून सोडवताना तिचं टोक माझ्या चिमटीत आपोआप दीड वेढा गर्रकन फिरलं होतं.

चूक माझ्या हातून झाली होती. वेळ वाचवायला मी तार हातानेच खुंटीभोवती गुंडाळली आणि मग ताणली. अशा प्रत्येक वेढ्याबरोबर तारेला एक पीळ बसतो. खाली ब्रिजमध्ये (घोडीत) तारेच्या टोकाचा बॉल अडकलेला, त्यामुळे तो पीळ बाहेर पडायला वाट नाही. पीळ बसला की बाहेरच्या गुंडाळीची गाभ्यावरची पकड बिघडते आणि वरचे स्वर लगेच विझतात. जाड तारेला हे जास्त बाधतं.

या वेळी तीच नवी तार पुन्हा लावताना मोकळी लोंबू दिली, पूर्ण उलगडल्यावर टोक खुंटीच्या भोकात घातलं आणि फक्त खुंटीची चावी फिरवली. अडीच वेढे, प्रत्येक आधीच्याच्या खाली, म्हणजे नटवर तार नीट दाबून बसते. मोजलं: 11 सेकंद.

मग सॅडलच्या (ब्रिजवर तार जिथे टेकते त्या तुकड्याच्या) अगदी पुढे अंगठ्याने तार घट्ट दाबली. जाड तार सॅडलवरून गोलसर कमान करून उठते, तिथे टोकदार वळण हवं. तंबोऱ्याच्या जवारीत तार घोडीवर घासत उठावी लागते, इथे नेमकं उलट: एका बिंदूवर टेकून लगेच सुटली पाहिजे. दाबल्यावर सूर किंचित उतरला, म्हणजे ढिलाई होतीच. नटपाशीही तसंच केलं, पुन्हा सुरात आणली. 13 सेकंद, आणि पाचव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) घंटेसारखा. तो ऐकून मी अर्धा तास फक्त मोकळी ई वाजवत बसलो.

ज्यांना नवी तार चढवायची आहे त्यांनी आणखी एक सांभाळा: जादा लांबी कापण्याआधी तिथे काटकोनात वाकवा, मग कापा. गोल गाभ्याच्या तारेची गुंडाळी सरळ कापली तर सरकते.

आता जी तारेवर सहाव्या फ्रेटचा सी शार्प लवकर मरतो. तो तारेचा दोष नाही, नेकचं (बासच्या मानेचं) स्वतःचं कंपन त्या सुराशी जुळतं आणि ताकद खाऊन टाकतं. हेडस्टॉकचं (खुंट्या असलेल्या टोकाचं) वजन वाढलं की ती जागा सरकते. पुढच्या रविवारी तिथे छोटा क्लॅम्प लावून पाहणार आहे.