नवे स्केट्स अजून चावतायत

रविवार, रात्र

चावतायत, पण आता नेमके एकाच जागी. सुरुवातीला अख्खं पाऊल ठणकत होतं, कुठे काय दुखतंय तेच कळेना. आज फक्त डाव्या घोट्याचं आतलं हाड. दुखणं असं बोट ठेवून दाखवता आलं की मला हायसं वाटतं, कारण बुटाचा तेवढाच भाग गरम करून यंत्राने बाहेर फुगवून मिळतो.

आइस हॉकीचे स्केट्स रोजच्या बुटांपेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान घेतात. माहीत असूनही पहिल्यांदा पाय घातला की धस्स होतंच. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात. गुडघे वाकवले की टाच मागे जाते आणि बोटं सुटतात. खेळायचं वाकूनच, मग मापही वाकूनच बघायचं. टाच मात्र उचलली जाता कामा नये. घट्ट बूट हळूहळू पायाला सरावतो, सैल बूट काही केल्या घट्ट होत नाही.

बूट मऊ होऊन पायाच्या आकारावर बसावेत म्हणून दुकानात ते भट्टीत घालून दिले. साधारण ८० अंश सेल्सिअस, जेमतेम काही मिनिटं. आत पाय सरकवला तर सगळं ऊबदार, लुसलुशीत. हाच बूट इतका छळणार आहे यावर विश्वास बसू नये. टाच मागे आपटून बसवली आणि नाड्या बाहेरच्या बाजूला खेचत बांधल्या. बूट गरम असताना वर खेचल्या तर नाडीच्या भोकांतल्या कड्या उपटून यायची भीती. मग १०-१५ मिनिटं नुसतं बसायचं, उभंसुद्धा राहायचं नाही. त्यानंतर २४ तास बर्फाचं नाव नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

जाड मोजे घाल, असा सल्ला भेटेल तो देतो. मला पटत नाही. पाय आत सरकतो, घाम येतो आणि पातं पायाखाली जाणवेनासं होतं. पातळ मोजाच बरा. पावलाच्या वर, जिथे घोटा वाकतो तिथे, नाडी काचत होती. तिथलं एक भोक सोडून नाडी ओवली आणि ते दुखणं मिटलं. घरात पात्यांना गार्ड लावून घालतेय, पण फिरण्यापेक्षा गुडघे वाकवून उभं राहण्याचाच उपयोग जास्त.

आज घोट्याच्या हाडावर लिपस्टिकचा ठिपका लावला, मोजा न घालता पाय आत घातला, नाड्या बांधल्या आणि अलगद काढला. अस्तरावर लाल डाग उमटलाय, माझ्या अंदाजापेक्षा चांगला बोटभर मागे. उद्या डावा बूट दुकानात देते. उजवा घरीच ठेवणार. तो मस्त बसलाय, त्याला कुणाला हात लावू द्यायचा नाहीये.