जेन्किन्सला गिटहबचं लॉगिन जोडलं, त्याबद्दल

जेन्किन्स हा आमचा सीआय सर्व्हर, म्हणजे नवा कोड आपोआप तपासून डिप्लॉय करणारा (प्रत्यक्ष वापरात आणणारा) सर्व्हर. टीम सोडून गेलेल्यांची जेन्किन्सवरची खाती आठवणीने काढणं हे काम माझ्याकडे होतं. सीआय सर्व्हर ही डिप्लॉयच्या सगळ्या किल्ल्या टांगलेली खुंटी. तिथे एखादं जुनं खातं पडून राहिलंय की काय, याची मला कायम धास्ती. आता लॉगिन गिटहबवरून, म्हणजे कोड ठेवण्याच्या साइटवरून, होतं.

जोडणी फार वेळ खात नाही. गिटहबवर ओऑथ ॲप (गिटहबच्या खात्याने दुसरीकडे लॉगिन करू देणारी नोंद) बनवा, क्लायंट आयडी आणि सिक्रेट (त्या नोंदीची ओळख आणि गुप्त किल्ली) घ्या, जेन्किन्समध्ये गिटहब ऑथेंटिकेशन प्लगइन टाकून सिक्युरिटी रेल्म (लॉगिन कुठून तपासायचं ती सेटिंग) बदला. ओऑथ २.० (आरएफसी ६७४९ हे मानक, २०१२) मुळात दुसऱ्या ॲपला मर्यादित परवानगी देण्यासाठी आहे, तेव्हा स्कोप (परवानग्या) मोजकेच मागा. खाजगी रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) लिहिण्यापर्यंतचा हक्क देणारा 'रेपो' स्कोप मी ठेवला नाही. गिटहबवरच्या आमच्या संस्थेचं (ऑर्गनायझेशनचं) सदस्यत्व वाचता आलं की आमचं काम भागतं.

खरा धोका पुढेच आहे. गिटहब फक्त 'हा कोण' एवढंच सांगतं. 'लॉगिन केलेला कोणीही काहीही करू शकतो' ही सेटिंग तशीच राहिली, तर गिटहबवर खातं असलेला जगातला कोणीही तुमच्या जेन्किन्सचा ॲडमिन होतो! सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल तर हे भयंकर आहे. म्हणून मॅट्रिक्स (कोणाला कोणता हक्क, याचा तक्ता) लावा आणि हक्क संस्थेतल्या टीमला द्या: ग्रुपच्या जागी संस्थेचं नाव, मग फुली (*), मग टीमचं नाव. संस्थेने बाहेरच्या ॲपवर निर्बंध घातले असतील, तर आधी ओनरकडून मंजुरी घ्यावी लागते.

रेल्म एकच असतो. तो बदलला की जुने पासवर्ड चालत नाहीत. त्यामुळे सेव्ह करण्याआधी मॅट्रिक्समध्ये स्वतःचं गिटहब यूजरनेम ॲडमिन म्हणून हवंच. तरीही कोणी बाहेर अडकलं, तर जेन्किन्सच्या कॉन्फिग डॉट एक्सएमएल फाइलमध्ये 'यूजसिक्युरिटी' फॉल्स करून जेन्किन्स रीस्टार्ट करता येतं. तेवढा वेळ सर्व्हर सताड उघडा असतो, म्हणून आधी फायरवॉलवर वाट बंद करा.

आता कोणी टीम सोडली की संस्थेतून नाव काढलं जातं. जेन्किन्समध्ये बनवलेले एपीआय टोकन (स्क्रिप्टसाठी पासवर्डऐवजी वापरायच्या किल्ल्या) मात्र मी अजूनही वेगळे तपासते.