प्रॉक्समॉक्स बेअर मेटलवर: होस्ट मोकळा ठेवायचा

प्रॉक्समॉक्स व्हीई (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) आता थेट मशीनवर बसलंय आणि नीट चालतंय. मशीन म्हणजे ऑफिसच्या वापरातून निघालेला छोटा डेस्कटॉप: सहा कोअरचा इंटेल प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, सारख्या क्षमतेच्या दोन एसएसडी आणि एकच गिगाबिट लॅन पोर्ट. आधी माझे सगळे व्हीएम रोजच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये होते. तो कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की डीएनएसपासून फोटोंपर्यंत सगळं बंद पडायचं.

या खेपेला एक नियम आधीच ठरवला. होस्टवर, म्हणजे प्रॉक्समॉक्स चालतं त्या मूळ मशीनवर, स्वतःचं काहीही टाकायचं नाही. डॉकर नाही, सांबा नाही, "एवढी एकच स्क्रिप्ट" पण नाही. प्रॉक्समॉक्सच्या खाली पूर्ण डेबियन लिनक्स असल्यामुळे एपीटीने (त्याच्या पॅकेज बसवायच्या साधनाने) काहीही बसवता येतं, आणि तो मोह मोठा असतो. पण होस्ट साधा राहिला तर तो कधीही पुसून पुन्हा उभा करता येतो. पुढचे बहुतेक निर्णय याच नियमातून निघाले.

सुरुवात बायोसपासून. व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू केलं. ते बंद असेल तर केव्हीएमचे (लिनक्स कर्नलमधल्या व्हर्च्युअलायझेशनवर चालणारे) व्हीएम चालत नाहीत, एलएक्ससी कंटेनर मात्र चालतात, कारण ते होस्टचंच कर्नल वापरतात. व्हीटी-डी हे वेगळं सेटिंग आहे, ते पासथ्रूसाठी (खरं कार्ड थेट व्हीएमला देण्यासाठी) लागतं. वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं हेही तिथेच लावून घेतलं. मग रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी. जुन्या रॅमवर झेडएफएस (डिस्कही सांभाळणारी फाइलसिस्टीम) टाकण्याआधी ही रात्र मी कधीच वाचवणार नाही.

पेनड्राइव्हबद्दल थोडक्यात: इन्स्टॉलरची आयएसओ हायब्रिड आहे (डीव्हीडी आणि यूएसबी दोन्हीसाठी), त्यामुळे इमेज जशीच्या तशी लिहिली गेली पाहिजे. लिनक्सवर डीडी कमांड पुरेशी आहे. विंडोजवरच्या रूफसमध्ये डीडी मोडच निवडा.

इन्स्टॉलर काही मिनिटांत आटोपतो. विचार करायचा तो डिस्कच्या स्क्रीनवर. नुसतं पुढे-पुढे गेलात तर एका डिस्कवर एक्सटी४ आणि एलव्हीएम-थिन मिळतं. एकच डिस्क असेल तर त्यात काही वाईट नाही. माझ्याकडे दोन होत्या, म्हणून झेडएफएस रेड१ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा, म्हणजे मिरर) घेतलं. नुसती दुसरी प्रत हवी म्हणून नव्हे. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतं, त्यामुळे दोन प्रतींपैकी बिघडलेली कोणती हे त्याला कळतं आणि चांगल्या प्रतीवरून ते ती दुरुस्त करतं.

त्याच स्क्रीनवर अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एचडीसाइझ नावाची चौकट आहे. तिथे डिस्कच्या पूर्ण क्षमतेपेक्षा थोडा कमी आकडा टाकला. उद्या एक एसएसडी गेली आणि बदली आणलेली दुसऱ्या कंपनीची डिस्क काही एमबींनी लहान निघाली, तर झेडएफएस तिला मिररमध्ये घेत नाही. टोकाला सोडलेली जागा त्या दिवसासाठी आहे.

इन्स्टॉल झाल्यावर एक एसएसडी काढून मशीन चालू करून पाहिलं, मग ती लावून दुसरी काढली. दोन्ही वेळा बूट झालं, कारण इन्स्टॉलर दोन्ही डिस्कवर ईएसपी (बूटच्या फाइलींचं) पार्टिशन बनवतो आणि प्रॉक्समॉक्स-बूट-टूल त्या दोन्ही सारख्या ठेवतं. इथे एक बारकावा आहे. प्रत्येक डिस्कवर तीन पार्टिशन असतात आणि झेडएफएस त्यातलं फक्त तिसरं सांभाळतं. डिस्क बदलताना नुसतं झेडपूल रिप्लेस चालवलं तर डेटा परत जुळतो, पण नव्या डिस्कवरून बूट होत नाही. आधी चांगल्या डिस्कवरचं पार्टिशन टेबल एसजीडिस्कने नव्या डिस्कवर उतरवायचं, तिसऱ्या पार्टिशनवर रिप्लेस करायचं आणि ईएसपीला बूट-टूलने फॉरमॅट आणि इनिट करायचं. हा क्रम कागदावर लिहून मशीनलाच चिकटवलाय.

रॅमची काळजी पूर्वीइतकी राहिलेली नाही. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये झेडएफएसच्या रॅममधल्या एआरसी कॅशला होस्टच्या रॅमच्या १० टक्क्यांची मर्यादा असते, कमाल १६ जीबी. म्हणजे माझ्याकडे साधारण ३ जीबी, आणि बाकीची रॅम पाहुण्यांना (व्हीएम आणि कंटेनरना) मोकळी.

नेटवर्कमध्ये ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) समजून घेतला की अर्धं काम झालं. भौतिक पोर्टला आयपी नसतोच. आयपी असतो व्हीएमबीआर० या ब्रिजला, आणि पोर्ट त्याचा फक्त एक सदस्य असतो. १०० क्रमांकाचा व्हीएम चालू केला की टॅप१००आय० नावाचा इंटरफेस उगवतो आणि त्याच ब्रिजला जोडला जातो. राउटरला तो व्हीएम स्वतःचा मॅक पत्ता असलेलं वेगळं मशीन म्हणून दिसतो. हाच प्रकार वायफायवर जमत नाही, कारण जोडलेल्या कार्डाच्या मॅकखेरीज दुसऱ्या मॅकच्या फ्रेम अॅक्सेस पॉइंट सहसा घेतच नाही. म्हणून केबल हवीच.

होस्टचा आयपी डीएचसीपीच्या (राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या) टप्प्याबाहेरचा दिला. होस्टचं नावही आत्ताच विचार करून ठेवावं, एकदा व्हीएम झाले की नाव बदलणं किचकट होतं. शिवाय पुढे पीसीआयई कार्ड लावलं तर पोर्टचं नाव ईएनपी३एस० वरून ईएनपी४एस० होऊ शकतं. मग ब्रिज जुनं नाव शोधत बसतो आणि ८००६ पोर्टवरचं वेब पान उघडत नाही. सिस्टमडीच्या लिंक फाइलने मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करून टाकलंय.

सबस्क्रिप्शन नसेल तर पहिल्याच एपीटी अपडेटला ४०१ (परवानगी नसल्याचा) एरर येतो. एंटरप्राइझ रेपो (पॅकेजं जिथून येतात तो साठा) बंद करून नो-सबस्क्रिप्शन रेपो जोडला. अपग्रेड नेहमी डिस्ट-अपग्रेडनेच करायचं, साध्या अपग्रेडने पॅकेजं अर्धवट राहू शकतात.

आत्ता आत आहे ते असं: डीएनएस एका एलएक्ससीत, होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतंत्र व्हीएममध्ये, डॉकरचं सगळं एका डेबियन व्हीएममध्ये. एकच नोड (प्रॉक्समॉक्सचं मशीन) असल्यामुळे सीपीयू टाइप होस्ट ठेवलाय, म्हणजे व्हीएमला खरा प्रोसेसरच दिसतो. डिस्कवर डिस्कार्डची खूण केली आहे, म्हणजे व्हीएमच्या आत फाइल पुसून ट्रिम चालवलं की जागा खरोखर पूलमध्ये परत येते.

बॅकअप रात्री एनएएसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) जातो. नुसती हिरवी खूण बघून माझं समाधान होत नाही, म्हणून होम असिस्टंटचा बॅकअप वेगळ्या क्रमांकाने रिस्टोअर केला, त्याचं व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करून, म्हणजे मूळ व्हीएमशी एका आयपीवर टक्कर नको. चालला. व्हीएमची कॉन्फिग बॅकअपच्या आतच असते, पण स्टोरेजच्या व्याख्या, बॅकअपची वेळापत्रकं आणि युजर त्यात नसतात. ते ईटीसीमधल्या पीव्हीई फोल्डरमध्ये असतात. हा फोल्डर साधा नाही, तो एका एसक्यूलाइट डेटाबेसमधून फ्यूजने (प्रोग्रामने दाखवलेल्या फाइलसिस्टीमच्या सोयीने) माउंट होतो. होस्ट बंद असताना डिस्क दुसरीकडे लावून पाहिलीत तर तो रिकामा दिसेल. म्हणून चालू मशीनवरूनच त्याची प्रत घेऊन एनएएसवर ठेवतोय.

बाकी आहे ते आयओएमएमयू ग्रुप (कोणती उपकरणं एकत्रच पासथ्रू होतात ते गट) तपासून ग्राफिक्स पासथ्रू करायचं, आणि यूपीएस. यूपीएससाठी एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) होस्टवरच बसवणार आहे. नियमाला हा एकच अपवाद, कारण सगळे पाहुणे बंद झाल्यावर होस्टला स्वतःला बंद व्हायचंय, आणि ते काम पाहुण्यावर सोपवणं मला पटत नाही. त्याआधी प्रत्येक व्हीएमचा शटडाउन क्रम आणि टाइमआउट लावून, बॅटरी तेवढा वेळ पुरते का ते मोजायचंय.