ताग गाडत का नाही?

ताग म्हणजे मातीत गाडायचं हिरवळीचं खत, असंच सगळे धरतात. म्हणून बांधावरून जाणारा हटकून विचारतो, ‘ताग फुलोऱ्यावर आलाय, रोटाव्हेटर मारून गाडत का नाही? कापून नुसता वर पसरलात तर नत्र उडून जाईल की.’ तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

थोडं नत्र जातं, मान्य. पण ताग मी खतासाठी पेरतच नाही. मला त्याची मुळं हवीत.

2019 चा लांबलेला पाऊस आठवत असेल. वाळव्यातल्या आमच्या काळ्या रानात वापसा, म्हणजे चाक न रुतण्याइतकी बेताची ओल, आलाच नव्हता आणि उसाला तोड आली. ‘थोडं थांबा’ म्हणून विनवलं, पण ऊसतोड टोळीला पुढचा फड गाठायचा होता. भरलेली ट्रॉली सरीतच रुतली. दुसरा ट्रॅक्टर जोडून ओढली, तोवर चाकं जागच्या जागी फिरत राहिली. पुढे खोडवा, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस, नेमका त्याच पट्ट्यांत पिवळा पडला. युरिया दिला, पाणी तोडलं, फरक शून्य. शेवटी चाकोरीला आडवा खड्डा घेतला. वरची वीतभर माती मोकळी होती. त्याखाली पाटीसारखा गुळगुळीत थर, कुजका वास, छिद्र म्हणून दिसेना. उसाची मुळं तिथवर येऊन आडवी वळलेली. हातभर अंतरावर, जिथं चाक गेलं नव्हतं, तिथं जुन्या मुळांच्या जागी उभ्या नळ्या होत्या आणि त्यांतून नवी पांढरी मुळं खाली उतरली होती. फार वाईट वाटलं. दाबानं आधी मोठी छिद्रंच मिटतात. पाण्याचा निचरा आणि मुळांची हवा त्यांच्यावरच असते. बारीक छिद्रं उरतात, ती पाणी धरून बसतात.

‘काळी माती भेगाळते, आपोआप मोकळी होते,’ असं मीही म्हणायचो. पण बारमाही पाण्यावरचा ऊस रान वाळू कधी देतो? सबसॉयलर, म्हणजे खोलवर माती फोडणारं अवजार, ओलीत मारला तर माती फुटत नाही, लिंपली जाते. कोरड्यात मोकळी केलेली माती पुढच्या ट्रॉलीखाली आणखी सहज दबते.

तागाचं सोटमूळ थर ओला, मऊ असताना आत घुसतं. कुजल्यावर उभी वाट उरते. रोटाव्हेटर फिरत्या पात्यांनी त्या वाटेचं तोंड चेचतो, शिवाय पात्यांखाली स्वतःचा नवा थर बसवतो. म्हणून कापतो, आणि जुन्या सऱ्या न मोडता लागण करतो.

थर गेला का? नाही. परवा पुन्हा उकरून पाहिलं, माती तितकीच घट्ट. फक्त मुळं आरपार जाताना दिसली. पावसात माती फुगल्यावर यातल्या किती वाटा टिकतात, हा वाद माझा माझ्याशीच चालू आहे. टायरची हवा कमी केली तर वरचा थर वाचतो, पण खोलवर पोचतो तो आसावरचा भार. यंदा ट्रॉली रस्त्यावरच उभी करून मोळ्या डोक्यावरून आणायला टोळीला जादा पैसे देऊ केलेत. अजून होकार आलेला नाही.