ओहोटी किती वाजता?

शनिवार, रात्री साडेदहा. उरण, पीरवाडी.

लॉजच्या रजिस्टरात 'कोठून आलात' आणि 'कोठे जाणार' असे दोन रकाने. दोन्हीत नेरूळ लिहिलं. काउंटरवरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून आधी माझ्याकडे, मग आईकडे पाहिलं. "मग घरीच का नाय झोपलात, भाऊ?"

काय सांगणार? लोकलने पाऊण तासात पोचलो. आईला एक डुलकीसुद्धा मिळाली नाही.

लहानपणी गिरगावातून भाऊचा धक्का, तिथून लाँचने मोरा, पुढे रिक्षा. ओहोटी लागली की गाळामुळे लाँच मोऱ्याच्या धक्क्याला लागायची नाही. बाबा ते कारण पुढे करून हमखास एक रात्र इथे काढायचे. भरतीची वेळ त्यांना पाठ असायची, हे आईने आज सांगितलं.

खोली बहुतेक तीच. मोझाइकच्या लाद्या त्याच, भिंतीला हात लावला की पोपडे पडतात. खिडकीची कडी खाऱ्या हवेने इतकी गंजलीय की सुतळीने बांधून ठेवलीय. गीझर आहे, पण त्याला 'थोडा वेळ द्यावा लागतो'. दिला. मग बादलीभर गरम पाणी स्वयंपाकघरातून आलं. जेवण मात्र झकास: तांदळाची भाकरी, जवळा, कुरकुरीत बोंबील. आईने दोनदा भाकरी मागितली, घरी अर्धीच खाते.

बारा खोल्यांत आम्ही दोघंच. काका म्हणाले, 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झाली, त्या दिवशी इथेही पेढे वाटले होते. आता गर्दी होते, पण ती सूर्यास्त बघून, भेळ खाऊन रात्री घरी जाते. जवळ आलेल्या गावात मुक्काम कोण करणार? त्यांच्या वडिलांची जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोत गेली, त्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतला भूखंड द्रोणागिरीत मिळाला, तिथे आता सात मजली इमारत उभी आहे. पोरं तिथे राहतात. काकांना मात्र लिफ्ट आवडत नाही.

किनाराही आक्रसलाय. आम्ही वाळूचे किल्ले करायचो तिथे धूप थांबवायला घातलेले दगड. पलीकडे मुंबईचे दिवे, समोर नांगरलेली जहाजं. लाट थांबली की मागून कंटेनरचे ट्रेलर ऐकू येतात.

रविवार, सकाळ.

बॅग भरताना आईने विचारलं, "ओहोटी कधी आहे रे?"

"अगं, लोकलने जायचंय."

"ठाऊक आहे मला," म्हणाली, आणि चप्पल काढून परत खुर्चीत बसली.